पाच किलोची बंदूक

बाबांना हातात घेतलेल्या वस्तूचं वजन कळत असे. राळेगावच्या एका जिनिंगमध्ये ते सगळी नोकरी काट्यावर होते. कापसाची भरलेली गाडी तोलायची, रिकामी तोलायची, चिठ्ठी फाडायची. त्यामुळे असेल किंवा आधीपासूनच असेल, घरात किराण्याची पुडी आली की ती तळहातावर ठेवून ते म्हणायचे, "पन्नास ग्रॅम कमी हाय." आई पुडी घेऊन परत जायची. दुकानदार तोलायचा आणि पन्नास ग्रॅम टाकायचा. पुढे पुढे तो न तोलताच टाकू लागला. लहानपणी मला टायफॉइड झाला होता तेव्हा बाबांनी मला उचलून खाली ठेवलं आणि डॉक्टरांना सांगितलं, "दीड किलो उतरला." डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

कापसाचे वाईट दिवस आले तेव्हा बाबा साठीला टेकले होते. जिनिंगसमोरची गाड्यांची रांग आधी रस्त्यापर्यंत असायची, मग फाटकापर्यंत आली, मग रांग म्हणता येईल असं काही राहिलं नाही. मालकांनी सांगितलं, आठवड्यातून तीनच दिवस या. बाबा तीन दिवस यवतमाळहून एसटीने जायचे, काट्यावरची धूळ पुसायचे, अधूनमधून स्वतःलाच तोलायचे आणि परत यायचे. उरलेले चार दिवस ते बंदूक करायचे.

बंदूक म्हणजे छऱ्याची. हिला परवाना लागत नाही, हे बाबा नव्या माणसाला आधी सांगत आणि मग नमस्कार करत.

यवतमाळबाहेर एका बंद जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांच्यासारखे आठ-दहा जण रविवारी सकाळी जमायचे. एक निवृत्त कंपाउंडर, नेरचा एक शिंपी, राजूरच्या कोळसा खाणीतला एक सर्व्हेअर, असे. दहा मीटरवर रुईची एक दाबलेली गाठ ठेवलेली होती. ती कधीतरी नापास झाली होती आणि कोणी उचलली नव्हती. तिच्यावर कागदी निशाण लावायचं. छर्रा गाठीत शिरला की बाहेर यायचा नाही. त्या दिवसांत आमच्याकडे कापसाचा इतका बिनतक्रार उपयोग मी दुसरीकडे पाहिला नाही.

मंडळाचे नियम थोडे होते. नळी विकत आणलेली चालेल, बाकी बंदूक स्वतः केलेली पाहिजे. वर्षातून एकदा, अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या रविवारी, सामना. उभं राहून, कशाचाही टेका न घेता, दहा छर्रे. जिंकणाऱ्याला नारळ. ज्याच्याकडून दहा पुरे होणार नाहीत तो त्या दिवसापासून बाकड्यावर. बाकडं भिंतीला लागून होतं. त्यावर बसणाऱ्याने इतरांचे कागद बदलायचे, गुण मोजायचे आणि चहा सांगायचा. त्याला कोणी काही वाईट बोलत नसे. उलट सगळे त्याच्याशी फार नीट बोलायचे, आणि तेच बाबांना नको होतं.

"शिंप्याले मोतीबिंदू झाला, तो बाकड्यावर गेला," बाबा एकदा जेवताना म्हणाले. "आता त्याले कोणी शिवी बी देत नाही."

मी तेव्हा एका शाळेत ग्रंथपाल होतो. मला नेमबाजीत गती नव्हती, पण स्क्रू धरायला, मापं लिहायला घरात मीच होतो. त्यामुळे बाबांचं बंदुकीविषयीचं म्हणणं मी जितकं ऐकलं तितकं दुसऱ्या कोणी ऐकलं नसेल. ते म्हणणं काट्यावरच्या माणसाचंच होतं. एका पारड्यात काही टाकलं की दुसरं पारडं वर जातं, ते कुठे वर गेलं हे आधी पाहायचं. स्प्रिंग कडक घेतली तर छर्रा जोरात जातो, पण सुटताना बंदूक अशी उसळते की छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंत नेम हललेला असतो. नळी लांब घेतली तर नेम धरायला बरं, पण छर्रा तिच्यात जास्त वेळ राहतो, आणि तेवढा वेळ माणसाने न हलता थांबायचं. पिस्टनच्या वायसरसाठी त्यांनी जिनिंगच्या रोलरचं जुनं चामडं कापून तेलात मुरवलं होतं. ते हवा छान धरायचं, पण थंडीत आखडायचं, म्हणून जानेवारीत बंदूक अर्धा तास उन्हात ठेवावी लागे. आई त्याच बाजेवर गहू वाळवायची. गव्हाच्या शेजारी बंदूक पाहून दूधवाला एकदा दूध न घालताच गेला.

राजूरच्या सर्व्हेअरला मात्र वेगळीच हौस होती. त्याला एकामागून एक छर्रे सोडणारी बंदूक करायची होती.

"काका, दर वेळेस नळी खाली मोडा, छर्रा टाका, बंद करा. कायले? चाप दाबत राह्यलो की निघत राह्यला पाह्यजे."

"अन् मग?"

"मग काय, फटाफट."

"फटाफट कुठं?"

सर्व्हेअरने गाठीकडे बोट केलं.

"तिले काही घाई नाही," बाबा म्हणाले. "तू छर्रे आपोआप सरकवणारी पट्टी लावशीन. पट्टी आली की फट आली. फट आली की हवा गेली. हवा कमी-जास्त झाली की छर्रा एकदा वर, एकदा खाली. दहा मिनिटाचं काम तू एका मिनिटात करशीन अन् दहाच्या दहा वाया घालवशीन. अन् अशा बंदुका कायद्यात बसतात का नाही ते आधी ठाण्यात इचारून ये."

सर्व्हेअर ठाण्यात गेला नाही. पट्टी मात्र त्याने केली. ती पहिल्याच रविवारी अडकली. त्याने ती काढून खिशात ठेवली आणि पुढे बरेच महिने तिचा उपयोग बाटल्या उघडायला केला.

बाबांचा उजवा हात थरथरायला लागला तो पावसाळ्यात. आधी चहाची बशी वाजू लागली. बाबांनी बशी बंद केली, कपातूनच घेऊ लागले. मग चिठ्ठीवरचं अक्षर बिघडलं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, हा हळूहळू वाढतो.

बाबांनी विचारलं, "अक्षय्य तृतीयेपर्यंत किती वाढंन?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. त्यांनी मिठाचं प्रमाण सांगितलं.

घरी आल्यावर बाबांनी बंदूक खोलली. त्यांच्या मनात एकच होतं, यंदा दहा छर्रे उभ्याने सोडायचे. नारळाचा प्रश्न नव्हता. तो त्यांना एकदाच मिळाला होता आणि खवट निघाला होता. बाकड्यावर जायचं नव्हतं, एवढंच.

थरथरत्या हातासाठी त्यांनी जो हिशेब मांडला तो असा. हलकी वस्तू थरथर दाखवते, जड वस्तू थरथर गिळते. म्हणून बंदूक जड करायची. दुसरं, थरथरणारं बोट चापावर आहे. चाप हलका ठेवला तर मनात नसताना छर्रा सुटेल. म्हणून चापही जड करायचा. जड चाप ओढताना हलकी बंदूक हलते, पण बंदूकच जड असली तर तिला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे दोन्ही जड पाहिजेत, नाहीतर दोन्ही हलके. एक जड, एक हलका असं जमत नाही. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून वदवून घेतलं.

बंदुकीचा दस्ता सागाचा होता. खांद्याला लागतो त्या टोकाची फळी दोन स्क्रूंनी बसवलेली होती, ती काढून बाबांनी आत पोकळी कोरवून घेतली. शिसं वितळवून बारा तुकडे पाडले, प्रत्येकी दीडशे ग्रॅमचे, आणि पोकळीत दाबून बसवले. सव्वातीन किलोची बंदूक पाच किलोंची झाली. बाबांनी ती हातात घेतली आणि म्हणाले, "पाच अन् पन्नास." आम्ही काट्यावर ठेवली नाही. गरज नव्हती.

बंदूक खरोखरच थरथर गिळत होती. पहिल्याच रविवारी बाबांनी चार छर्रे असे मारले की कंपाउंडरने चष्मा पुसून कागद पुन्हा पाहिला. पाचव्याला त्यांनी बंदूक उचलली, धरली, आणि खाली ठेवली. दंड भरून आला होता. दुसऱ्या रविवारीही चार. तिसऱ्या रविवारी तीन.

"काका, अर्धी बंदूक घरी ठेवून येत जा," सर्व्हेअर म्हणाला.

"तुही पट्टी दे, तिच्यानं दंडाले मालिश करतो," बाबा म्हणाले. सगळे हसले. म्हणजे अजून ठीक होतं. बाकड्यावरच्या शिंप्याने मात्र सरकून शेजारी जागा केली. त्याच्या मनात काही नव्हतं, त्याला ऊन लागत होतं. बाबांनी बाकड्याकडे न पाहता बंदूक उचलली आणि सायकलरिक्षा बोलावली.

घरी आईने विचारलं, "किती झाले?"

"तीन."

"किती पाह्यजेत?"

"दहा."

"मग थोडं शिसं काढून टाका नं."

"काढलं की नेम जाते. तुले नाही समजत त्यातलं."

आई वाती वळत होती. तिने हातातली वात पुरी केली आणि दुसरा कापूस घेतला. तिला त्यातलं समजत नाही हे तिने मान्य केलं असावं असं मला वाटलं.

संक्रांतीनंतर फरक पडू लागला. तिनाचे चार झाले, काही आठवड्यांनी पाच, मग सहा. बाबा म्हणायचे, "वजन अंगवळणी पडून राह्यलं." आई म्हणायची, "पडंनच. रोज उचलता नं." नेम मात्र पसरू लागला होता. आधी छर्रे काळ्या गोलात असायचे, आता गोलाच्या आसपास. त्याचं कारण बाबांनी कधी स्प्रिंग सांगितलं, कधी गोळ्या सांगितल्या. मीही दोन्ही मानली.

याच दिवसांत रविवारी सकाळी निघण्याआधी ते मला बोलावू लागले. चापाचा जडपणा ठरवणारा एक बारीक स्क्रू आत होता. त्यांच्या हाताला तो आता सापडत नसे.

"पाव फेरा ढिला कर."

मी करायचो.

"आता तिथं आतल्या पट्टीवर पेन्सिलीची रेघ मार. कुठून कुठं आलो ते ध्यानात राह्यते."

मी रेघ मारायचो. दर रविवारी नाही, एखाद-दुसरा रविवार सोडून. एकदा मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच तर सांगितलं होतं, थरथरत्या बोटाला जड चाप पाहिजे. हलका केला तर आपोआप सुटेल."

"सुटू दे एखादा. बोटात दम नाही राह्यला."

मी ग्रंथपाल माणूस. पुस्तकात एक लिहिलं आहे आणि माणूस दुसरं करतो आहे, याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही.

चैत्रात आईने गच्चीवर कुरडया घातल्या. बाबा आणि मी संध्याकाळी वर गेलो होतो. धोतराचा जुना कपडा उडू नये म्हणून आई दरवर्षी चार विटांचे तुकडे ठेवायची. या वर्षी विटांऐवजी चार कोपऱ्यांना चिंध्यांच्या लहान लहान पुरचुंड्या बांधल्या होत्या. बाबांनी एक उचलली, तळहातावर ठेवली, आणि होती तिथे नीट ठेवली.

"यंदा विटा नाही ठेवल्या?" त्यांनी विचारलं.

"विटांची माती लागते," आई म्हणाली.

"होय. माती लागते," बाबा म्हणाले आणि कडेची एक अर्धी ओली कुरडई खात खाली गेले.

सामन्याच्या दिवशी सकाळी सात वाजताच शेडचे पत्रे तापले होते. बाबांचा नंबर चौथा. ते रेषेवर गेले, पाय ठेवले, बंदूक खांद्याला लावली, आणि लगेच खाली घेतली. सगळे थांबले. शिंपी बाकड्यावरून अर्धा उठला.

बाबा माझ्याकडे वळले. "पेचकस हाय का?"

माझ्या खिशात होता.

"पाव फेरा."

"आता? इथं?"

"इथं."

"ओ काका, लगन लागायच्या वक्ती नवरदेवाचं माप घेऊन राह्यले का?" सर्व्हेअर ओरडला.

मी पाव फेरा ढिला केला. पेन्सिल नव्हती, म्हणून पेचकसाच्या टोकाने पट्टीवर ओरखडा काढला. बाबांनी पुन्हा बंदूक उचलली.

पहिले सहा छर्रे कागदावर लागले. कुठे लागले ते महत्त्वाचं नव्हतं. सातवा आपोआप सुटला. बाबा अजून बंदूक वर आणत होते, बोट नुसतं चापाला लागलं असेल. गाठीच्या वरच्या पत्र्यावर टण्‌ असा आवाज झाला आणि दोन कबुतरं बाहेर गेली. मग कंपाउंडर म्हणाला, "सुटला तो मोजायचा. सात." आठवा. नवव्यानंतर ते बराच वेळ बंदूक खाली धरून उभे राहिले. घाम त्यांच्या नाकावरून दस्त्यावर पडत होता. दहावा कागदाच्या कोपऱ्यात लागला, एक गुण.

दहाच्या खाली फक्त सर्व्हेअर राहिला, कारण त्याने पट्टी पुन्हा लावून आणली होती. तरी त्याला बाकड्यावर बसवलं नाही, पट्टीला बसवलं. ती बाकड्यावर ठेवली आणि तिच्यासमोर चहाचा कप ठेवला. बाबा इतके हसले की त्यांना धरावं लागलं.

घरी आल्यावर आईने विचारलं, "किती झाले?"

"दहा."

"दहा पाह्यजेत होते नं?"

"दहाच."

आई आत गेली. नंतर तिने शिरा केला. काही कारण सांगितलं नाही.

पुढच्या थंडीत बाबा गेले. आठ दिवस न्यूमोनिया होता. त्याबद्दल मला इथे लिहायचं नाही.

तेरवीनंतर मंडळातली माणसं आली. बंदूक शेडमध्ये लावायची आहे म्हणाली. पत्र्याच्या भिंतीला एक लाकडी पट्टी होती, तिच्यावर खिळा ठोकायचा होता. पाच किलो त्या खिळ्याला झेपणार नाहीत असं मला वाटलं, म्हणून आतलं शिसं काढून द्यावं असा विचार करून मी दुपारी दस्त्याचे दोन स्क्रू काढले. आत कापूस होता. वातीचा, स्वच्छ पिंजलेला, घट्ट भरलेला. तो बाहेर काढला तर तळाशी शिशाचे तीन तुकडे.

आई दारात उभी होती.

"म्या काढले," ती म्हणाली. "ते राळेगावले जात त्या दिवशी. एका वक्ती एकच. शिलाई मशीनचा पेचकस लागते त्याले."

"कापूस?"

"मग खडखड वाजलं असतं नं."

"आणि तुकडे कुठे आहेत?"

"आठ कुरडयाच्या कपड्याले. एक तुह्या टेबलावर हाय."

माझ्या टेबलावर वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर एक फडक्यात बांधलेलं वजन वर्षभर होतं. मी ते रोज उचलून बाजूला ठेवत होतो. मला वजनातलं कधीच काही कळलं नाही.

"शेवटचा सामन्याच्या दिवशी सकाळी काढला, ते आंघोळीले गेले तवा," आई म्हणाली. "तीन राहू दिले. एकदम हलकी झाली असती त त्यायले समजलं असतं. पाह्य, आखरीपर्यंत समजलं नाही. अंगवळणी पडलं म्हणत होते."

तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण हसण्याच्या अलीकडचं काहीतरी होतं. तेरा दिवसांत पहिल्यांदाच.

मी बंदूक उलटी केली, चापाची पट्टी काढली आणि उजेडात धरली. पेन्सिलीच्या आठ रेघा होत्या. नववा ओरखडा. रेघ मारणारा मीच होतो, त्यामुळे त्या मोजायला मला नऊ महिने लागले हे नवलच. दोन्ही जड, नाहीतर दोन्ही हलके. हे वाक्य मी त्यांना पाठ म्हणून दाखवलं होतं.

"काय पाहून राह्यला?" आईने विचारलं.

"काही नाही. गंज."

"समजलं नसंन नं त्यायले?"

ज्या माणसाला साखरेतले पन्नास ग्रॅम कळायचे त्याच्याबद्दल ती विचारत होती. हजार वेळा पुडी परत घेऊन गेलेली तीच होती. ती माझ्याकडे सरळ पाहत होती. पट्टी मी जागेवर बसवली.

"समजलं असेल तरी सांगितलं नाही त्यांनी," मी म्हणालो.

आई खाली बसली, बाहेर काढलेला कापूस तिने हातात घेतला, त्यातली धूळ फुंकून काढली आणि तो पुन्हा दस्त्यात भरायला लागली. बोटाने दाबून, कोपऱ्यांत नीट.

"तुकडे परत टाकू का?" मी विचारलं.

"कायले? कुरडयाच्या कपड्याले काय लावू मग?"

मी फळी बसवून स्क्रू आवळले. चापाचा स्क्रू होता तसाच ठेवला. रविवारी बंदूक शेडमध्ये नेऊन दिली. खिळ्याला लावताना सर्व्हेअरने ती दोन्ही हातांनी जपून उचलली आणि म्हणाला, "बाप्पा! काका ही पाच किलो कसे उचलत होते?"

"अंगवळणी पडली होती," मी सांगितलं.